ममॉच्या ट्रेलरचा ढाळ

४ सप्टेंबर, रविवार

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली आणि सांगितलं, रोज काय खाल्लं ते लिहायचं. वजन उतरतंय म्हणे. तर लिहितो. सकाळी कॉफी. संध्याकाळी डब्यातले सार्डिन मासे, सिंकपाशी उभ्याने. झालं. एवढ्यासाठी अख्खी वही कशाला? उरलेल्या जागेत, आज मी स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घेतला ते लिहून ठेवतो.

चर्चनंतर सगळे जेवायला बसलो होतो. ममॉ समोर होती. ममॉ म्हणजे माझी सासू, व्हेस्टा. आमच्या खोऱ्यातली झाडून सगळी पोरं तिला आजी या अर्थी ममॉ म्हणतात, तर मीही म्हणतो. जुलैच्या पुरात तिचं ओढ्याकाठचं घर गेलं, तेव्हापासून ती भाचीकडे सोफ्यावर झोपते. नदीनला जाऊन आता आठ महिने होतील. बायको गेली तरी सासू सासूच राहते, त्यात सूट मिळत नाही.

तिचा मुलगा डॉर्सी ओहायोहून आला होता. तो म्हणाला, "आई, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला गाडी घेऊन येतो आणि तुला कायमची डेटनला नेतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. ममॉ माझ्या ताटात बघत होती. आणि मी, आर्विल स्लोन, उभा जन्म कोळशाच्या खाणीत पाण्याचे पंप सांभाळलेला माणूस, टेबलावर हात आपटून म्हणालो, "ओहायोत कशाला? डोंगरावर माझ्या घराशेजारी जागा पडली आहे. पूर काही तिथवर चढत नाही. ट्रेलर आणतो, चाकांवरचं तयार घर. वीज, पाणी, संडास, सगळं मी जोडून देतो."

"कधी?" डॉर्सीने विचारलं.

"थँक्सगिव्हिंगच्या आत."

"आर्विल, तुझ्या ओसरीची पायरी तू कधीपासून दुरुस्त करतोयस?"

हा प्रश्न गैरलागू होता, पण लोक हसले.

शेवटी असं ठरलं: थँक्सगिव्हिंगला ट्रेलरचा संडास चालू असला आणि आरोग्य खात्याने तो पास केलेला असला, तर ममॉ इथं राहील. नाहीतर डॉर्सीच्या गाडीत बसेल. ममॉला विचारलं तर म्हणाली, "मला काय, कुठंही चालेल. ओव्हन तेवढा धड हवा."

मी हे का बोललो ते मलाही कळत नाही. सासू शेजारी आणून बसवायची हौस कुणाला असते? डॉर्सीची जिरवायची होती, दुसरं काही नाही.

१७ सप्टेंबर, शनिवार

ट्रेलर आला. जुना आहे, पण छप्पर कोरडं आहे. खालच्या वळणावर तो अडकला तेव्हा ओढणारा ड्रायव्हर खाली उतरून मला म्हणाला, "काका, रस्ता आहे असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात." मी म्हणालो, रस्ताच आहे. आमच्यात मतभेद झाले. अखेर माझा चुलतभाऊ हॉबर्ट जेसीबी घेऊन आला आणि त्याने मागून ढकललं.

दुपारपर्यंत ठोकळ्यांवर चढवून पाणसळीत आणला. मी घाम पुसत होतो, तेवढ्यात भाचीच्या गाडीतून ममॉ उतरली. तिने ट्रेलरला एक फेरी मारली आणि म्हणाली, "फिरव."

"काय फिरव?"

"हा ट्रेलर. स्वयंपाकघराची खिडकी जंगलाकडे झालीय. मला ती तुझ्या ओसरीकडे हवी."

"ममॉ, जंगलाकडे हरणं दिसतील तुम्हाला."

"हरणं बघून झाली माझी. फिरव."

हॉबर्ट जेसीबीत बसून खिदळत होता. फिरवला. अख्खी संध्याकाळ गेली. आता तिच्या खिडकीतून माझी ओसरी, माझं स्वयंपाकघर आणि माझा कचऱ्याचा डबा, तिन्ही दिसतात. म्हणजे माझ्यावर पहारा बसणार. हे मी स्वतःच्या हाताने आणि हॉबर्टच्या डिझेलवर करून घेतलं.

खाणं: बोलोना सॉसेजचं सँडविच. अर्धं. उरलेलं हॉबर्टच्या कुत्र्याने.

१ ऑक्टोबर, शनिवार

विजेचा खांब पुरला. मीटरची पेटी, केबल, सगळं जिथल्या तिथं. वीजवाले आले, बघितलं आणि खूश झाले. चांगला माणूस आहे मी, असं वाटलं. मग त्यांतल्या एकाने ट्रेलरचं दार उघडायचा प्रयत्न केला. दार बाहेर उघडतं. बाहेर माझा खांब होता. दार वीतभर उघडलं आणि खांबाला टेकून थांबलं.

ममॉ म्हणाली, "चोरांपासून बंदोबस्त केलास होय? छान. आत मी कशी जायची? टपालासारखी?"

वीजवाले बाजूला तोंड करून हसले. खांब उपटून तीन हात पलीकडे पुरला.

ममॉने जाताना ताट झाकून ठेवलं होतं, बटाटे आणि डुकराचं मांस. "उरलंय, फेकवत नाही," म्हणाली. तिला अंदाजाने रांधता येत नाही, असं दिसतं. दर वेळी उरतं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

पाणी. नळयोजनेचा पाइप रस्त्याकडेने जातो, तिथून ट्रेलरपर्यंत मी लाइन आणली. ट्रेलरखाली पाठीवर सरपटत जाऊन जोडकाम केलं, थंडीत गोठू नये म्हणून पाइपला गरम होणारी पट्टी गुंडाळली. पाणी तापवायची टाकीही जुनी होती, ती बदलली. दोन पाइप होते, एक गार, एक गरम. पन्नास टक्के शक्यता माझ्या बाजूने होती.

ममॉने सिंकचा नळ सोडला, मोरीचा सोडला, मग संडासात जाऊन बराच वेळ आलीच नाही. बाहेर येऊन म्हणाली, "आर्विल, कमोडमधून वाफ येतेय."

मी म्हणालो, "दुरुस्त करतो."

"घाई नको. जानेवारीत बरं वाटेल बुडाला."

परत खाली सरपटलो. हे काम करताना दमायला होतं. पूर्वी खाणीत दिवसभर वाकून चालायचो, आता दोन कपलिंग बसवली की आडवा पडून छताकडे बघावं लागतं. आज ट्रेलरच्या पोटाकडे बघत इतका वेळ पडलो की ममॉने वरून पाय आपटला. "जिवंत आहेस ना?" "आहे." "मग तसं सांगत जा अधूनमधून."

तेवढ्यात डॉर्सीचा फोन आला. वरचं सगळं खाली ऐकू येतं. ममॉ त्याला सांगत होती, "या महिन्यात नको येऊस रे, मला सफरचंदं वाळवायचीत." गेल्या महिन्यात तिला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. म्हातारीला कामं फार असतात.

२९ ऑक्टोबर, शनिवार

आता मुख्य गोष्ट. संडास.

आमच्या खोऱ्यात बापजाद्यांपासून एकच पद्धत चालत आली. घर उतारावर, ओढा खाली, मधे एक सरळसोट पाइप. जितका पाइप खडा, तितका घरधनी हुशार. माझ्या वडिलांचा पाइप इतका खडा होता की शेजारी त्याचं नाव काढायचे. वडील म्हणायचे, "वर साखळी ओढेपर्यंत खाली पोचलेलं असतं." ओढ्याला काय वाटायचं ते कुणी विचारलं नाही. आम्ही पोरं वरच्या अंगाला पोहायचो.

आता ते बंद झालं, आणि बरं झालं. आता टाकी हवी, टाकीपुढे शोषखड्ड्याचे चर हवेत, आणि आरोग्य खात्याच्या बाईंनी पास करायला हवं. हॉबर्टने जेसीबीने टाकी खाली उतारावर पुरली, पुढचे चरही केले. ट्रेलरपासून टाकीपर्यंतचा पाइप मात्र माझा. ती एवढीशी लाइन मी दुसऱ्याला टाकू देणार नव्हतो.

"ढाळ मोजतोयस ना?" हॉबर्टने विचारलं.

"मोजायचंय काय त्यात? पाणी खाली जातं. मी ते आयुष्यभर वर चढवलंय, खाली सोडणं म्हणजे सुट्टी."

असा खणखणीत ढाळ दिला आहे की वडील असते तर पाठ थोपटली असती. बादलीभर पाणी ओतलं तर टाकीत धबधब्यासारखं कोसळलं. लगेच माती लोटली, धोपटली, वर गवत पेरलं. उघडा चर वाईट दिसतो. ममॉची जिरेनियमची कुंडीही त्यावर ठेवली. थँक्सगिव्हिंगला अजून अवकाश आहे. डॉर्सीला फोन करून सांगितलं, "ओहायोत खोली झाडून ठेवली असशील तर भाड्याने दे."

खाणं लिहायचं राहिलं. काहीतरी खाल्लं असावं.

९ नोव्हेंबर, बुधवार

आरोग्य खात्याच्या मिस पेल्फ्री आल्या. वय माझ्या बुटांपेक्षा थोडं जास्त असेल. हातात टॉर्च, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. नमस्कार-चमत्कार झाले आणि त्या ट्रेलरमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"चर कुठंय?"

"बुजवला. गवतसुद्धा उगवलंय बघा."

"मिस्टर स्लोन, मला पाइप बघायचा असतो. गवत नाही."

मी म्हणालो, पाइप तिथंच आहे, गवताखाली, पळून नाही गेला. त्या हसल्या नाहीत. वाकून ट्रेलरखालचं तोंड बघितलं, मग खाली जाऊन टाकीचं झाकण सरकवून दुसरं तोंड बघितलं. परत वर आल्या.

"एवढ्याशा अंतराला एवढा ढाळ? कुणी दिला?"

माझी छाती फुगली. "मी."

"मग पास होणार नाही. इतक्या उतारावर पाणी एकटंच धावत सुटतं. जे त्याने सोबत न्यायचं, ते मागे बसून राहतं आणि वाळतं. महिन्याभरात पाइप बंद. फुटाला पाव इंच ढाळ द्या. पाण्याला सावकाश जाऊ द्या, म्हणजे सगळ्यांना घेऊन जाईल."

"पण माझ्या वडिलांचा पाइप तर..."

"तो ओढ्यात जायचा ना?"

"हो."

"आणि मधून मधून काठी घालावी लागायची?"

काठी होती. परसदारी भिंतीला टेकवलेली असायची, आणि ती हलवायचं काम माझं होतं. इतकी वर्षं मला वाटायचं की काठी हा पाइपाचाच एक भाग असतो.

पुन्हा कधी येणार विचारलं. पुरानंतर अर्ध्या जिल्ह्याचे संडास त्यांच्या गळ्यात पडले आहेत. म्हणाल्या, तेवीस तारखेला येते, पण चर उघडा ठेवा. तेवीसला बुधवार. गुरुवारी थँक्सगिव्हिंग. हॉबर्टचं जेसीबी पलीकडच्या खोऱ्यात पूल दुरुस्त करायला गेलं आहे, ते डिसेंबरात येईल.

संध्याकाळी डॉर्सीचा फोन. "पास झाला का?"

"जवळजवळ," मी म्हणालो.

ममॉ खरंच ओहायोला गेली तर? मला काय फरक पडतो, असं लिहायला घेतलं होतं, पण पेन चालेना. समोर तो ट्रेलर रिकामा उभा राहील, आणि खिडकी माझ्याकडे. नको.

१२ नोव्हेंबर, शनिवार

खणायला लागलो. फावड्याने. मीच धोपटलेली माती इतकी घट्ट बसली आहे की धोपटणाऱ्याला चार शिव्या दिल्या. पेरलेलं गवत मात्र झकास आलं आहे, सगळं उपटलं.

दुपारी ममॉ भाचीकडून आली, घडीची खुर्ची घेऊन. चराच्या काठाशी खुर्ची टाकली, मांडीवर टोपली घेतली आणि बसली. मी दम खायला फावडं खाली ठेवलं, तर तिने ते उचलून खुर्चीखाली सरकवलं.

"फावडं द्या ममॉ."

"आधी हे खा."

बीन्सचं कालवण, मक्याचा पाव, वर कच्चा कांदा. मी म्हणालो, भूक नाही, वेळ जातोय, बुधवार डोक्यावर आलाय. ती म्हणाली, "बुधवार बुधवारीच येतो. खा."

"तुम्हाला कळतंय का, हे झालं नाही तर डॉर्सी तुम्हाला घेऊन जाणार आहे?"

"मला सगळं कळतं. चमचा धर."

वाटी रिकामी झाल्यावरच फावडं मिळालं. वय झालं की माणसाला कामाची निकड समजत नाही. पण खरं लिहायचं तर दुपारनंतर हात जास्त चालला.

१६ नोव्हेंबर, बुधवार

रोज येते. रोज फावडं ओलीस. आज चिकन आणि डम्पलिंग होतं. मी दोन वाट्या खाल्ल्या, तिसरीला नाही म्हटलं, तर फावडं अर्धंच पुढे केलं.

चर पूर्ण उघडा झाला. आता पाइप कापून नव्याने बसवायचा. युक्ती सुचली ती अशी: ट्रेलरपासून टाकीपर्यंत पाइप निवांत न्यायचा, फुटाला पाव इंच, आणि उरलेला सगळा उतार टाकीजवळ एकदम उभा खाली सोडायचा. पेल्फ्रीबाईंना फोनवर विचारलं. म्हणाल्या, "चालेल. हे तुम्हाला सुचलं?" त्यांच्या आवाजातलं आश्चर्य थोडं कमी चाललं असतं.

नदीन असती तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, आर्विल, मोज. तिची फार आठवण येते. चरात उभा राहिल्यावर जास्त येते, का ते माहीत नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

पाइपचा शेवटचा तुकडा बसवत होतो तेव्हा वर गाडीचं दार वाजलं. डॉर्सी. दोन दिवस आधीच, मोठा पिकअप घेऊन. मागे दोरखंड आणि ताडपत्री. ममॉचं सामान न्यायची तयारी.

चराच्या काठावर उभा राहून त्याने खाली बघितलं. "जवळजवळ म्हणजे हे होय?"

गुडघाभर चिखलात उभा राहून बाणा दाखवता येत नाही. एका हाताने पाइप धरला होता, दुसऱ्याने पाणसळ, आणि चिकटवायचं सोल्युशन लावायला तिसरा हात नव्हता. डॉर्सीने चांगलं जाकीट काढून गाडीच्या आरशाला अडकवलं आणि खाली उतरला.

"कुठं धरू?"

"इथं. बुडबुडा दोन रेघांच्या मधे नाही, पहिल्या रेघेला चिकटून हवा."

अंधार पडेपर्यंत दोघं चरात होतो. मधेच तो म्हणाला, "आई फोनवर तासतासभर तुझंच सांगते. आर्विलने काय खाल्लं, किती खाल्लं, काय टाकलं."

"म्हणजे माझ्या चहाड्या सांगते."

डॉर्सीने पाणसळ खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. "खाणीत कधी डोक्यावर दगड पडला होता का रे तुझ्या?"

"एकदा. का?"

"काही नाही. सोल्युशन दे."

चांगला माणूस आहे, पण तुटक बोलतो. ओहायोत राहून होत असेल तसं.

२३ नोव्हेंबर, बुधवार

पेल्फ्रीबाई आल्या, रबरी बूट घालून थेट चरात उतरल्या. तुकड्या-तुकड्यावर स्वतःची पाणसळ ठेवून बघितली. एके ठिकाणी थांबल्या. त्यांनी पाइपवरचा मातीचा गोळा झटकला आणि पुढे गेल्या.

"ढाळ बरोबर आहे. आता प्रत्यक्ष चालवून बघू. टाकीपाशी झाकण उघडते. आत कुणीतरी फ्लश करा."

मी आत जायला निघालो, तर ममॉने हात आडवा केला. "घर कुणाचं?"

"तुमचं."

"मग पहिली मी."

"ममॉ, नुसतं पाणी सोडायचंय. परीक्षेपुरतं."

"नुसत्या पाण्याने काय कळणार? तुझ्या पहिल्या पाइपातूनही पाणी गेलंच होतं," असं म्हणून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

आता चित्र असं. टाकीच्या उघड्या तोंडाभोवती तिघं. पेल्फ्रीबाई टॉर्च रोखून, मी हात चोळत, डॉर्सी पलीकडे. कुणी कुणाकडे बघत नाही. वेळ जातो आहे. एकदा वाटलं आत काही झालं असेल, पण हाक कशी मारणार? पेल्फ्रीबाई ढगांकडे बघायला लागल्या. मी वयाच्या या टप्प्यावर, सासूच्या मेव्हण्यासोबत आणि सरकारी बाईंसोबत, ही वाट बघत उभा होतो. हे लिहिताना मी नातंही चुकीचं लिहिलं आहे, डॉर्सी माझाच मेव्हणा. तेव्हाही डोकं असंच झालं होतं.

मग आतून फ्लशचा आवाज आला. पाइपमध्ये घुर्रर्र झालं. सावकाश, अगदी सावकाश आवाज जवळ येत गेला. आणि सगळं काही, मागे काही न ठेवता, टाकीत पोचलं.

डॉर्सीने डोक्यावरची टोपी काढली.

"पास," पेल्फ्रीबाई म्हणाल्या.

ममॉने खिडकी उघडली. "पोचलं का?"

"पोचलं!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

मला इतका आनंद झाला की मी तिथंच मातीच्या ढिगावर बसलो. पैज जिंकल्याचा आनंद असा नसतो. ती राहणार, एवढंच डोक्यात वाजत होतं. पेल्फ्रीबाई आत जाऊन ममॉशी दोन शब्द बोलल्या, कॉफी प्यायल्या आणि पुढच्या संडासाकडे गेल्या. डॉर्सीने न सांगता फावडं घेतलं आणि चर बुजवायला लागला.

२४ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

ट्रेलरमध्ये जेवलो. ओव्हन धड आहे. टर्की, रताळी, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक. ममॉने टेबल चार माणसांचं घेतलं आहे, एकट्या बाईला एवढं कशाला, पण बोललो नाही.

डॉर्सी दुपारी निघाला. गाडी रिकामीच. जाताना आईला बराच वेळ मिठी मारली, मग म्हणाला, "सांभाळ."

"हो, मी बघतो तिच्याकडे."

"मी तिला सांगतोय," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

भांडी आवरताना ममॉने नवीनच भानगड काढली. "ती पेल्फ्रीबाई काल जाताना मला बजावून गेली. हा तुझा ढाळ नाजूक आहे म्हणे. एका माणसाच्या पाण्याने पाइप वाहता राहायचा नाही. रोज निदान दोघांचं पाणी गेलं पाहिजे. तेव्हा संध्याकाळी इथं जेवायचं, हात इथं धुवायचे आणि भांडीही इथंच घासायची."

"रोज?"

"पाइप रोजचाच आहे ना?"

आता झाली ना पंचाईत. सासू शेजारी आणली ती आणली, वर रोज तिच्यापुढे ताटावर बसायचं. पण सरकारी बाईंचाच नियम म्हटल्यावर काय करणार? एवढं खणून पाइप तुंबला तर डॉर्सी हसेल.

८ डिसेंबर, गुरुवार

रोज संध्याकाळी पाइपासाठी जेवायला जातो. तक्रारीला जागा नाही म्हणून काल मीठ कमी आहे म्हणालो, तर ममॉने मिठाची बरणी माझ्यासमोर आपटली आणि नदीन किती खारट करायची ते सांगायला लागली. दोघंही हसलो. नदीनचं नाव काढून हसता येतं, हे मला माहीत नव्हतं.

नर्सबाईंनी वजन केलं. म्हणाल्या, "मिस्टर स्लोन, काय करताय तुम्ही?" म्हटलं, सांडपाणी.

१५ डिसेंबर, गुरुवार

खिळे आणायला गावातल्या दुकानात गेलो होतो. पेल्फ्रीबाई तिथं रबरी हातमोजे घेत होत्या. मी टोपी काढली आणि म्हणालो, "बाई, तुमचं ऐकतोय बरं का. रोज दोघांचं पाणी सोडतोय. पाइप मस्त चाललाय."

"दोघांचं? कशाला?"

"तुम्हीच सांगितलंत ना ममॉला. एका माणसाच्या पाण्याने पाइप वाहता राहत नाही म्हणून."

"छे! मी एवढंच सांगितलं की चरबी सिंकमध्ये ओतू नका. एका माणसाला तो पाइप झकास आहे. उलट पाणी जितकं कमी जाईल तितकी टाकी जास्त वर्षं टिकेल." मग त्यांनी मान तिरपी करून विचारलं, "असं कोण म्हणालं तुम्हाला?"

मी म्हणालो, माझाच काहीतरी गोंधळ झाला. खिळे तिथंच राहिले.

ट्रकमध्ये येऊन बसलो आणि किल्ली लावता येईना. खिडकी. उरलेलं जेवण. फावडं. डॉर्सी मला दगडाबद्दल का विचारत होता. सगळं एकामागून एक आलं. मी समजत होतो की मी म्हातारीला ठेवून घेतलं. रडलो. दुकानासमोर, भर दिवसा, लोक येत-जात असताना रडलो, आणि लाज वाटली नाही.

संध्याकाळी गेलो. ममॉ म्हणाली, "उशीर केलास. ताट गार होतंय." वाढलं तेवढं सगळं खाल्लं, मागून घेतलं. मग भांडी घासायला उभा राहिलो. ती शेजारी फडक्याने पुसत होती.

"पेल्फ्रीबाई भेटल्या होत्या आज," मी म्हणालो.

फडकं तसंच ताटावर राहिलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, नुसतं संध्याकाळचं पाणी पुरायचं नाही. सकाळचा नाश्ताही इथंच करावा लागेल."

ममॉ बराच वेळ ते एकच ताट पुसत राहिली. कोरडं झालं होतं, तरी पुसत राहिली.

"मग सहाला ये," ती म्हणाली. "अंडी गार झालेली मला चालत नाहीत."